स्वस्त जमिनीचं देणं

न्यू जर्सीच्या पश्चिम अंगाला, हंटरडन आणि वॉरन काउंटीत, शेतजमिनीची चौकशी करायला गेलं की दोन भाव कळतात. एक बिनअटीच्या जमिनीचा. दुसरा ‘प्रिझर्व्हड फार्म’चा, म्हणजे घरं, गोदामं, दुकानं बांधायचा हक्क आधीच्या कुणा मालकाने सरकारला किंवा एखाद्या लँड ट्रस्टला कायमचा देऊन टाकला आहे अशा शेताचा; हक्क देण्याच्या या कराराला ‘इझमेंट’ म्हणतात. माती तीच, पाऊस तोच, रस्ताही तोच, तरी हा दुसरा भाव कमी असतो. एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसरकडे अर्धं आयुष्य नोकरीत घालवून आता थोडी शेती करावी असं मनात आणणाऱ्या मराठी माणसांकडून मला यावर दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. ही जमीन स्वस्त का? आणि पुढेमागे ही अट निघेल का?

पहिल्याचं उत्तर कुठलाही वकील देईल. दुसरा प्रश्न मला अस्वस्थ करतो, कारण तो आपण गावाकडून बरोबर आणलेला आहे. पुणे, नाशिक, रायगडच्या आसपास गेल्या तीस-चाळीस वर्षांत ज्यांनी जमिनी घेतल्या, त्यांतल्या कितीतरी जणांनी त्या उद्या एनए होतील या हिशोबाने घेतल्या. सातबाऱ्यावरच्या पिकाकडे त्यांचं लक्ष नव्हतं, ग्रीन झोन येलो कधी होतो याकडे होतं. सरकारी अट ही थांबायची तयारी असली की कधीतरी निघते, हा तिथला अनुभव आहे आणि तो खोटा नाही. पण तोच अनुभव उशाशी घेऊन इझमेंटखालची जमीन घेणं हा समोरच्या समाजावर अन्याय आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. त्या जमिनीच्या कमी भावात जो फरक दिसतो, तो विक्रेत्याने सोडलेला नसतो. तो लोकांनी भरलेला असतो. घेणारा तो फरक पदरात पाडून घेतो तेव्हा त्यामागचं देणंही त्याच्याकडे येतं. आणि हे मान्य केलं की मग पैसे भरणाऱ्या लोकांनाही, त्यांच्या वतीने करार सांभाळणाऱ्या सरकारलाही, काही प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याला मिळतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा व्यवहार समजून घ्यायला टीडीआर उपयोगी पडेल. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीपासून आपल्याला सवयीचं झालं आहे की जमीन आणि तिच्यावर बांधायचा हक्क या दोन निरनिराळ्या वस्तू असू शकतात. आरक्षणात गेलेल्या प्लॉटचा हक्क कागदावर येतो, बाजारात विकला जातो आणि उपनगरातल्या दुसऱ्याच एखाद्या इमारतीवर मजले होऊन चढतो. न्यू जर्सीच्या दक्षिणेला पाइनलँड्स नावाचा वालुकामय जंगलपट्टा आहे, तिथेही हक्क एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेण्याची अशीच योजना आहे. शेतीच्या इझमेंटमध्ये हक्क उचलला जातो इथवर सगळं सारखं. पुढे मात्र तो कुठेच चढवला जात नाही. तो कायमचा बाद होतो, आणि त्याचा मोबदला जनता देते.

हे पैसे येतात कुठून, हे नीट पाहण्यासारखं आहे. १९८१ मध्ये राज्यातल्या मतदारांनी शेतजमीन वाचवण्यासाठी ५ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. १९८३ मध्ये कायदा झाला आणि स्टेट ॲग्रिकल्चर डेव्हलपमेंट कमिटी स्थापन झाली. १९९८ मध्ये मतदारांनी थेट राज्यघटना दुरुस्त करून मोकळ्या जागा, शेतं आणि ऐतिहासिक वास्तूंसाठी वर्षाला ९ कोटी ८० लाख डॉलर बाजूला काढायला लावले. शिवाय राज्याच्या एकवीसही काउंट्या मालमत्ता करावर ‘ओपन स्पेस’चा वेगळा अधिभार घेतात. एडिसनच्या टाउनहाउसमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या कराच्या बिलातही ती ओळ असते. रकमेने ती लहान असते, म्हणून नजरेतून सुटते. पण हंटरडनमधल्या त्या स्वस्त शेताची किंमत अशाच लाखो लहान ओळींनी उतरवलेली आहे. आजवर राज्यात दोन लाख एकरांहून बरीच जास्त शेतजमीन या मार्गाने बांधून घेतली गेली आहे, तीही देशातल्या सर्वांत दाट वस्तीच्या राज्यात.

किंमत ठरवण्याची रीत साधी आहे. दोन स्वतंत्र मूल्यांकनकार शेतावर येतात आणि प्रत्येक जण दोन आकडे काढतो. ही जमीन आज खुल्या बाजारात, म्हणजे बिल्डरही बोली लावू शकेल अशा बाजारात, किती आणेल? आणि इथे फक्त शेतीच करता येणार असेल तर किती आणेल? या दोहोंतला फरक ही इझमेंटची किंमत. समजा एकरी २०,००० आणि ८,००० असे आकडे निघाले. शेतकऱ्याला एकरी १२,००० डॉलर मिळतात, जमीन त्याच्याच नावावर राहते, तो ती कसू शकतो, गहाण ठेवू शकतो, विकू शकतो. काही वर्षांनी तो थकतो आणि शेत विकायला काढतो. नवा मालक ८,००० देऊन आत येतो. आता ‘पुढेमागे अट निघेल का’ या प्रश्नाचा अर्थ उलगडून पाहा. अट निघाली तर त्या एकराची किंमत २०,००० होते. वरचे १२,००० मिळतात त्या माणसाला, ज्याने काहीही सोडलं नव्हतं. सोडलं होतं पहिल्या शेतकऱ्याने आणि त्याला त्याचे पैसे पोचले आहेत. म्हणजे जनतेने एकाच हक्कासाठी एकदा मोबदला द्यायचा आणि दुसऱ्यांदा तोच हक्क दुसऱ्या माणसाला फुकट द्यायचा. ‘अट शिथिल करा’ या मागणीचा हिशोब असा आहे, मग ती कितीही सौम्य भाषेत केलेली असो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. प्रत्यक्ष बाजारात इझमेंटखालची जमीन नेहमी शेतीभावाने विकलीच जात नाही. न्यूयॉर्कमध्ये भरपूर कमावलेल्या माणसाला साठ एकर, त्यात जुनं दगडी घर आणि चारही बाजूंनी कधीच न बांधली जाणारी शेतं हवी असतात. त्याला पीक काढायचं नसतं. दोन घोडे पाळले, शेजाऱ्याला गवत कापायला दिलं की झालं. तो ८,००० च्या जागी १४,००० मोजतो. मग तो म्हणतो, मला कसली सवलत मिळाली? मी तर जवळजवळ पूर्ण दाम मोजले. कागदावर त्याचं उत्तर सोपं आहे: निर्बंधाचं करारपत्र काउंटीच्या दप्तरात नोंदलेलं होतं, तू ते वाचून सही केलीस. पण प्रश्न तेवढ्याने संपत नाही, आणि त्याच्याकडे मी परत येणार आहे, कारण या सगळ्या व्यवस्थेतली खरी भेग तिथे आहे.

त्याआधी करारपत्राबद्दल थोडं सांगायला हवं. घेऊ पाहणारी माणसं दलालाच्या माहितीपत्रकावर विश्वास ठेवतात, आणि करारपत्र वाचायची वेळ येते तेव्हा इसार दिलेला असतो. न्यू जर्सीच्या करारपत्रात शेतीखेरीज वापराला बंदी असते, करार झाला त्या दिवशी चालू असलेला आणि नोंदवून ठेवलेला वापर तेवढा वगळून. जमिनीचे तुकडे वर सांगितलेल्या राज्य समितीच्या मंजुरीशिवाय पाडता येत नाहीत. वरची माती उकरून विकता येत नाही. घर बांधायचं असेल तर ते पहिल्या मालकाने करारातून वगळून ठेवलेल्या तुकड्यावर, नाहीतर करारात आधीच धरलेल्या मोजक्या घरांपैकी एक म्हणून. पहिल्याने यातलं काहीच ठेवलं नसेल तर तुम्हाला जुन्या घरातच राहायचं आहे. सौर पट्ट्या बसवता येतात, पण शेताच्या आधीच्या वर्षीच्या वापराच्या ११० टक्के वीज निघेल इतक्याच, किंवा क्षेत्राच्या एक टक्का जागेत मावतील इतक्याच. दरवर्षी तपासणीला माणूस येतो. दुसरीकडे, बऱ्याच जणांना वाटतं की जनतेचे पैसे लागले म्हणजे जनता आत फिरायला येणार. तसं नाही. ही जमीन खाजगीच राहते आणि करारपत्र कुणाही वाटसरूला कुंपणाच्या आत यायचा हक्क देत नाही. जनतेला मिळतं ते एवढंच, की ही माती माती राहील.

तेवढंच आहे, पण ते किती खोल जातं याची कसोटी क्वेकर व्हॅली फार्म्सच्या खटल्यात लागली. हंटरडन काउंटीतलं सुमारे १२० एकरांचं हे शेत. इझमेंट आधीच्या मालकांनी दिलेलं होतं, त्यासाठी राज्याचा आणि केंद्राचा पैसा लागला होता, आणि फुलशेती करणाऱ्या नव्या मालकाने ते बंधनासकट विकत घेतलं होतं. त्याला प्लास्टिकच्या कमानीची हरितगृहं उभी करायची होती. जमीन उताराची होती. म्हणून त्याने जवळपास २० एकर कापून सपाट केले. वरची उत्तम माती खणली गेली, खालचा मुरूम वर आला, वर्षानुवर्षं तयार झालेले थर एकमेकांत मिसळले. समितीने दावा लावला. मालकाचं म्हणणं होतं की हरितगृहं म्हणजे शेतीच आहे, करारपत्र शेतीला परवानगी देतं, मग चुकलं काय? खालच्या कोर्टांत मतं दुभंगली. २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: हरितगृहं उभारायचा हक्क मालकाला होता, पण त्यासाठी एवढ्या मोठ्या पट्ट्यातली उत्कृष्ट माती कायमची खराब करायचा हक्क त्याला नव्हता. कराराचा हेतू आजच्या शेतीपुरता नव्हता, उद्याच्या शेतीसाठी माती शाबूत ठेवणं हाही होता.

मला हा निकाल बरोबर वाटतो, आणि तरीही त्या मालकाबद्दल सहानुभूती वाटते. तो बिल्डर नव्हता. शेतीच करत होता. फुलांच्या धंद्यात हरितगृहाशिवाय टिकणं कठीण, हे नारायणगाव किंवा तळेगावच्या कुठल्याही पॉलिहाउसवाल्याला विचारा. पण त्याच्या नंतर कुणीतरी त्या जमिनीत काहीतरी वेगळं पिकवेल, मका, सोयाबीन, भोपळा किंवा आज आपल्याला सुचतही नाही असं काही, ही शक्यता लोकांनी विकत घेतली होती. २० एकरांतली माती उलथली तेव्हा ती शक्यता त्या २० एकरांपुरती संपली. दुसऱ्या बाजूने, न्यायालयाने समितीलाही जबाबदारीतून मोकळं सोडलं नाही. किती माती हलवली म्हणजे जास्त, हे शेतकऱ्याला आधी स्पष्ट कळायला हवं, असं निकालात बजावलं होतं. नियम यायला त्यानंतर काही वर्षं गेली. आता मर्यादा ठरली आहे: शेताच्या १२ टक्के किंवा ४ एकर, यांपैकी जे जास्त असेल तितक्याच जमिनीची अशी उलथापालथ चालेल. ही रेषा पहिल्याच करारपत्रात असती तर एक माणूस आणि एक सरकारी समिती यांची वर्षं कोर्टात गेली नसती. ‘कायम’ हा शब्द ज्याला लिहायचा आहे त्याने बारीकसारीक गोष्टीही तितक्याच काळजीने लिहाव्यात. सरकारने फेडायचं देणं म्हणतो ते यापासून सुरू होतं.

आता ‘कायम’बद्दलच बोलू. थॉमस जेफरसनने १७८९ मध्ये पॅरिसहून मॅडिसनला लिहिलेल्या पत्रात मांडलं होतं की पृथ्वीवर हक्क जिवंतांचा, मेलेल्या पिढीने जिवंत पिढीला बांधून ठेवू नये. इझमेंटच्या विरोधात अमेरिकेत आजही हा युक्तिवाद होतो. इंग्रजी परंपरेतला जमीन-कायदाही अशा बंधनांकडे संशयानेच पाहत आला. शेजारच्या जमिनीला फायदा होत नसेल तर निव्वळ एखाद्या संस्थेच्या लाभासाठी माझ्या जमिनीवर कायमचा बोजा ठेवायला तो तयार नसे. म्हणून राज्यांना नवे कायदे करावे लागले. न्यू जर्सीने १९७९ मध्ये केला, आणि १९८१ मध्ये सगळ्या राज्यांनी घ्यावा असा एक आदर्श मसुदा तयार झाला. म्हणजे ही गोष्ट परंपरेने आपसूक आलेली नाही, समजून उमजून आणलेली आहे. शंभर वर्षांनी इथल्या माणसांना काय हवं असेल, हे १९८५ च्या माणसाने का ठरवावं?

या प्रश्नाला उत्तर म्हणून मी प्लेन्सबरोकडे बोट दाखवीन, कारण तिथे आज हजारो भारतीय, त्यात कितीतरी मराठी, घरं करून राहिले आहेत. त्याच गावात वॉकर-गॉर्डन नावाची डेअरी होती. १९३० मध्ये तिथे एक फिरता गोल चबुतरा बसवला, ज्यावर ५० गायी एकाच वेळी चढत आणि एक फेरी पूर्ण होईतो दूध काढून होई. लोक दुरून पाहायला येत. १९७१ मध्ये डेअरी बंद झाली. त्या जमिनीवर घरं झाली आणि तिचं नाव आता वसाहतीच्या फलकावर उरलं आहे. त्या घरांत राहणाऱ्यांना मी दोष देत नाही. माणसांना घरं लागतात आणि आपण सगळे कुठल्या ना कुठल्या जुन्या शेतावरच झोपतो. पण त्या जमिनीचा निर्णय बदलायला आजच्या पिढीला किती मोकळीक आहे? शून्य. पाया, गटारं, डांबर, चारशे मालकांची चारशे खरेदीखतं, हे सारं कुठल्याही करारपत्रापेक्षा जास्त कायम आहे, आणि ते ठरवलं आधीच्या पिढीनेच. इझमेंटखालचं शेत मात्र अगदीच निकड आली तर कोर्टात जाऊन, मोबदला परत भरून, मोकळं करायचा अवघड का होईना पण रस्ता उरतो. ज्याला पुढच्या पिढीच्या स्वातंत्र्याची काळजी आहे त्याने या दोन कायमांची तुलना करावी आणि मग सांगावं.

‘कायम’ हा शब्द न्यू जर्सीत याआधीही एकदा दिला गेला होता, आणि तो प्रसंग मला या सगळ्या चर्चेत सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटतो. १७५८ मध्ये, इथले मूळ रहिवासी असलेल्या लेनापे लोकांचे जमिनीवरचे दावे मिटवण्यासाठी, वसाहतीच्या विधिमंडळाने बर्लिंग्टन काउंटीत त्यांना जमिनीचा एक पट्टा दिला. ब्रदरटन म्हणून तो ओळखला जातो. कायद्यात दोन गोष्टी होत्या: ही जमीन त्यांनी विकायची नाही, आणि तिच्यावर कधीच कर बसणार नाही. १८०१ मध्ये विकण्याची परवानगी देणारा कायदा झाला, जमीन गोऱ्या खरेदीदारांकडे गेली आणि लेनापे न्यूयॉर्ककडे निघून गेले. १८०४ मध्ये राज्याने करमाफी रद्द केली. नवे मालक भांडत देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पोचले, आणि १८१२ मध्ये सरन्यायाधीश मार्शल यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला: करमाफी जमिनीला चिकटलेली आहे, माणसाला नाही, म्हणून ती खरेदीदारांकडे आली. लेनापेंना जमिनीवर टिकवून ठेवण्यासाठी घातलेली विक्रीबंदी कायद्याच्या एका फटकाऱ्याने सुटली. त्यांच्यासाठी ठेवलेली सवलत मात्र त्यांना तिथून हलवून आलेल्यांच्या हाती कायम राहिली.

त्या जुन्या खटल्यात खरेदीदाराची जी इच्छा दिसते तीच आजही जिवंत आहे. जमिनीबरोबर येणारी सवलत घ्यायची, बंधन मात्र मागच्या माणसाचं म्हणून सोडून द्यायचं. इझमेंटची सगळी रचना या इच्छेच्या विरोधात उभी आहे. सवलत जमिनीबरोबर येत असेल तर बंधनही आलंच पाहिजे, आणि ते मोडू पाहील त्याच्यासमोर उभा राहायला एक धनी हवा, जो दरवर्षी शेतावर येईल, मोजेल, गरज पडली तर कोर्टात जाईल. लेनापेंच्या विक्रीबंदीला असा धनी नव्हता. विधिमंडळाने दिलं, विधिमंडळानेच घेतलं.

महाराष्ट्राचा अनुभव मला इथे आठवतो. आपल्याकडे कुळकायद्याचं कलम ६३ शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेऊ देत नाही, आणि १९४७ चा तुकडेबंदी कायदा ठरलेल्या क्षेत्राहून लहान तुकडा पाडू देत नाही. दोन्ही बंधनं कडक, दोन्हींचे हेतू चांगले. पण त्यांच्यासाठी कुणाला मोबदला दिलेला नाही, आणि ती जमिनीगणिक सांभाळणारा कुणी धनीही नाही. तुकडेबंदी मोडून झालेले गुंठेवारीचे व्यवहार सरकार शुल्क घेऊन नियमित करत आलं, हे त्यातूनच घडलं. ज्या बंधनासाठी कुणी पैसे मोजले नाहीत ते सोडताना कुणाचंच काही जात नाही असं सगळ्यांना वाटतं. जमीन कोणी घ्यावी हे आपल्याकडे कायदा सांगतो आणि तिचं पुढे काय होईल ते झोनच्या नकाशावर सोडतो. न्यू जर्सीत नेमकं उलट. जमिनीचं काय होणार नाही हे पक्कं, ती कोण घेईल हे मोकळं.

आणि मघाशी सोडलेली भेग इथेच आहे. माती वाचली, पण कसणारा वाचला का? अमेरिकेच्या शेती खात्याच्या आकड्यांत न्यू जर्सीची शेतजमीन देशातल्या सर्वांत महागांपैकी एक असते, सरासरी एकरी १५,००० डॉलरच्या पुढे. इझमेंटमुळे भाव उतरतो तो बिल्डरची बोली बाहेर गेल्यामुळे. श्रीमंत रहिवाशाची बोली आतच राहते. तरुण शेतकरी, त्यातही स्थलांतरित घरातला, भाड्याने वर्षावर्षाला जमीन घेऊन भाजी काढणारा, त्या बोलीपुढे टिकत नाही. मग लाखो लोकांनी करातून भरलेल्या पैशाने एका धनिकाला शांत परिसर मिळतो. अशा वेळी ‘लोकांचं देणं’ ही माझी भाषा त्या तरुण शेतकऱ्याला पोकळ वाटली तर मी त्याच्याशी वाद घालू शकत नाही.

यावर उपाय माहीत नाही अशातला भाग नाही. व्हरमॉन्ट आणि मॅसॅच्युसेट्समध्ये करारपत्रात एक जादा कलम घालतात. शेत विकायला निघालं आणि घेणारा शेतकरी नसेल, तर इझमेंट सांभाळणाऱ्या संस्थेला तेच शेत शेतीभावाने स्वतः घेण्याचा हक्क राहतो. कुटुंबातल्या माणसाला किंवा खऱ्या शेतकऱ्याला विकताना संस्था आड येत नाही. व्हरमॉन्टने तर १९८७ मध्ये असं मंडळच स्थापन केलं ज्याच्याकडे परवडणारी घरं आणि जमिनीचं जतन ही दोन्ही कामं एकत्र आहेत. राहायला घर आणि कसायला जमीन हे एकाच माणसाचे प्रश्न आहेत, हे त्या छोट्या राज्याला कळलं. या जादा कलमासाठी शेतकऱ्याला जास्त पैसे द्यावे लागतात, कारण तो आणखी एक हक्क सोडतो. न्यू जर्सीतल्या बहुतेक जुन्या करारपत्रांत असं कलम नाही.

इझमेंटला बदनाम करणारा आणखी एक प्रकार सांगून टाकायला हवा, नाहीतर ऐकणाऱ्याच्या मनात किंतु राहतो. इझमेंट विकण्याऐवजी दान दिलं तर केंद्राच्या आयकरात वजावट मिळते. याचा फायदा घेऊन काही टोळक्यांनी गुंतवणूकदार गोळा केले, स्वस्तात जमिनी घेतल्या, फुगवलेली मूल्यांकनं करून घेतली आणि भरल्याच्या कित्येक पट वजावट मागितली. आयकर खात्याने २०१६ च्या अखेरीस अशा योजनांवर बोट ठेवलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मर्यादा घातली: गुंतवलेल्या रकमेच्या अडीच पटीहून जास्त वजावट नाही. तिथेही झालं होतं तेच. सवलत घेतली, आणि त्या बदल्यात लोकांना काही द्यायचंच नव्हतं.

म्हणून शेत घ्यायला निघालेल्या मराठी मित्रांना मी आता वेगळं सांगतो. दलालाला अट निघेल का विचारू नका. काउंटीच्या दप्तरातून करारपत्राची नक्कल काढा, शेवटच्या दोन-तीन तपासण्यांचे अहवाल मागा, घर कुठे बांधता येईल ते नकाशावर बघा. वाचून झाल्यावर तुमच्या डोक्यात पीक उभं राहत असेल, तर त्या भावाला ते शेत घ्या. एडिसनच्या ओक ट्री रोडवर मेथी, भेंडी, कारली, दुधी यांना रोज गिऱ्हाईक आहे आणि रटगर्स विद्यापीठाने भारतीय भाज्या इथे कशा पिकतील यावर काम केलेलं आहे. माल खपणार नाही ही सबब चालायची नाही. डोक्यात पीक उभं न राहता बंगलाच उभा राहत असेल, तर बंगल्याला बिनअटीचा प्लॉट मिळतो. त्याला पूर्ण दाम द्या आणि हे शेत कसणाऱ्यासाठी सोडा.

आणि ज्यांना शेत घ्यायचंच नाही, बिलातली ती ओळ फक्त भरायची आहे, त्यांनाही यात करण्यासारखं काम आहे. समितीच्या बैठका जाहीर असतात, कुणीही जाऊन बोलू शकतं. आपल्या मंडळांचे गणपती आणि दिवाळी अंक दणक्यात होतात. त्यांतल्याच चार जणांनी एकदा त्या बैठकीला जावं आणि मागावं की यापुढच्या प्रत्येक करारपत्रात शेतीभावाने विकत घ्यायचा हक्क लिहून घ्या, जुन्या शेतांच्या मालकांनाही त्यासाठी रास्त मोबदला देऊ करा. त्यापायी कराच्या बिलातली ती ओळ थोडी वाढणार असेल तर ती वाढवा, असंही त्यांनी तिथे सांगून यावं.